तिसऱ्या हाकेसाठी कापड्याच्या वर

महाडला एसटीतून उतरलो, तर स्टँडसमोरच्या चहावाल्याच्या मोबाइलवर आमचंच गाणं वाजत होतं. सईचा 'घाटाखाली' हा रॉक अल्बम लोकांनी आणि समीक्षकांनी डोक्यावर घेतला होता, पण तो इथवर पोचला असेल असं वाटलं नव्हतं. गाणी तिची, आवाज तिचा. मी बेस गिटार वाजवतो. शेवटच्या गाण्यात एक बाई दरीपलीकडे दोनदा हाक मारते, "अवोऽऽ, घरी याऽऽ." कार्यक्रमात तिथे वाद्यं थांबतात आणि अख्खं प्रेक्षागृह "ओ" देतं. मीही देतो, सगळ्यांत मोठ्याने.

ती हाक भागाबाईंची, पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या वाडीतल्या. सईने ती उन्हाळ्यात रेकॉर्ड केली आणि त्याच वर्षी पावसाळ्यात त्या गेल्या. आता त्यांच्या मुलाचा मुंबईहून फोन आला होता, बाबांना पूर्ण रेकॉर्डिंग ऐकायचंय म्हणून. सईने ते काम माझ्या गळ्यात मारलं. "तू जा, मला नाही जमणार," एवढंच म्हणाली. चडफडतच निघालो होतो.

पोलादपूरला जीप मिळाली. ड्रायव्हरने माझं काम विचारून घेतलं.

"त्ये गानं वाडीत लावू नका हां. बाया कान झाकतात."

"का हो?"

"जित्या मानसाची हाक तीनदा येते. दोनदाच आली तर ती मेल्याची. तिला ओ द्यायची नाय."

मी हसलो. तालात बसत होत्या म्हणून दोनच हाका ठेवल्या, असं सईने आम्हाला सांगितलं होतं.

जीप सोडली आणि साकव (ओढ्यावरचा लहान पूल) ओलांडून चढायला लागलो. भात कापलेली खाचरं रिकामी पडली होती. कुठे कुत्रं भुंकत नव्हतं, आणि मला उगाचच मागे वळून बघावंसं वाटत होतं. त्यातच एका बुटाचा तळ निघाला. तो हातात धरूनच मी वाडीत शिरलो. भागाबाईंचे नवरे लक्ष्मणबाबा बुटाकडे बघून मनापासून हसले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

त्यांच्या सुनेने, सुलोचनाने, नाचणीची भाकरी आणि सुका जवळा वाढला. बाबा शेजारी बसून होते.

"लोकं म्हनतात, ती भूत होऊन हाका मारते," ते म्हणाले. "तिसरी त्यांच्या कानावर पडूदे रे. माजी बायको जिती होती तवा."

दिवस कलताना शेजारी अंगणात जमले. मी मोबाइल लावला. पहिली हाक आली. दुसरी आली. कुणी हलेना. मग तिसरी आली, स्वच्छ, तशीच लांबवलेली. बाबांनी डोळे पुसले. "भागाबायच ती, जिती," कुणीतरी म्हणालं. मलाही भरून आलं.

बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात त्याच रेकॉर्डिंगमधून, खूप लांबून, एका पुरुषाची "ओऽऽ" ऐकू आली.

मी तिथवर कधी ऐकलंच नव्हतं.

"बाबा, ह्यो तर तुमचा आवाज," सुलोचना म्हणाली.

"हाय."

"पन तुमी तवा मुंबयला होता, डोळ्याच्या आपरेशनला."

शेजारी एकेक करून उठले. बाबा बराच वेळ समोरच्या खाचरांकडे बघत राहिले.

"म्या नाय दिली ओ," ते हळूच म्हणाले. "पन तिला मिळाली. बंद कर रे आता."

सकाळी आंबेनळी घाटाने वर निघालो. धुकं इतकं होतं की दरी दिसतच नव्हती, आणि मला ते बरं वाटलं.

पुण्यात पोचल्यावर तडक सईकडे गेलो आणि त्या "ओ"बद्दल विचारलं. तिने नजर चुकवली.

"समोर कोणीच नव्हतं. हाक कशी मारता ते दाखवा, असं मीच त्यांना म्हटलं होतं. ओ आली तशा त्या हसल्या आणि म्हणाल्या, 'आलं बग.' म्हणून मी दोनवर तोडलं."

परवा पुन्हा कार्यक्रम झाला. दुसऱ्या हाकेनंतर वाद्यं थांबली आणि लोकांनी जीव तोडून "ओ" दिली. मी तोंड घट्ट मिटून उभा होतो. शेजारी सईही.