मढला, दहा नखांच्या शोधात

रविवारी सकाळी सातला आम्ही मुलुंडहून निघालो. सुमनच्या पिशवीत तेलाची बाटली, दोन बारीक कानशी, गुलाबी रंगाची एक कुपी आणि डबाभर रंगवलेले चिंचोके होते. सुमन म्हणजे माझी बायको. तिला जाऊन आता दीड वर्ष होईल. आम्ही दोघं पुढे बरंच हिंडलो, पण लिहायला बसलं की सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा हा मढचा प्रवासच आधी आठवतो.

अंधेरीच्या एका पार्लरात नखांचा कोर्स सुरू होणार होता. मॅडमची अट एकच. सोमवारी येताना 'हात' सोबत आणायचा. म्हणजे दहाही नखं वाढलेली एक बाई. तिच्यावर काम करून दाखवायचं, मग प्रवेश. आमच्या चाळीतल्या बायका भांडी घासणाऱ्या, भाकऱ्या थापणाऱ्या. त्यांना कुठली नखं? सुमनने महिनाभर चिंचोक्यांवरच हात बसवला होता. माझ्या आईने जाऊ दिलं, पण बजावून. "न्हाव्याचं काम शिकायला अंधेरीला! जा बाई. पण सोमवारी जमलं नाही, तर परत विषय काढायचा नाही."

शिवणाच्या क्लासातली तिची मैत्रीण मार्था मदतीला आली. "माझ्या मढच्या मावशीची नखं झकास आहेत गं. मी निरोप धाडते."

घाटकोपरला एक बस बदलली, अंधेरीला दुसरी. वर्सोव्याला खाडीकाठी उतरलो तेव्हा पिशवीला तेल सुटलं होतं आणि तिच्यात टाकलेल्या माझ्या पुस्तकाची पहिली वीस पानं पारदर्शक झाली होती. "आता दोन्ही बाजू एकदम वाचा," सुमन म्हणाली. होडीत चढताना माझी एक चप्पल चिखलात रुतली ती रुतलीच. होडीवाला म्हणाला, "दुसरी पण टाका साहेब. एक घालून काय करणार?" मी टाकली.

पलीकडे वलांड्यांवर (मासळी सुकवायच्या बांबूंच्या मांडवांवर) बोंबील लटकत होते. मी अनवाणी, वाळूत जपून पाय टाकत होतो. देवळाजवळून वळलो, मग एक क्रूस, मग मार्थाच्या सिसिलमावशीचं बुटकं कौलारू घर. मावशी दारातच उभी होती.

"ये गो बाय. बस. हात बघ माझे!"

तिने दोन्ही पंजे पुढे केले. नखं मुळापासून कापलेली, लिंबाने घासून लख्ख.

"मावशी, नखं?" सुमनने विचारलं.

"काढली ना! निरोप आला, नखं काढायला माणसं येतात. म्हटलं, पाहुणी मुलुंडहून येणार, तिला कशाला असल्या कामाला लावायचं? सकाळीच काढून ठेवली."

मार्थाने निरोप धाडला होता 'नखं करायला येतील' असा. पण आपल्याकडे नखं काढतात; करत कोणी नाही. निरोप पोचेपर्यंत लोकांनी तो सरळ करून घेतला होता.

मावशीला चूक कळली तशी तीच रडकुंडीला आली. तिने आमच्यापुढे गरम फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) ठेवले. सुमनने एकही उचलला नाही.

"कोण रडतंय?" आतल्या खाटेवरून आवाज आला. मावशीची सासू. डोळ्यांनी अधू झालेली, लाल लुगड्यातली म्हातारी.

"कोणी नाय आई."

"मग नाक कोण ओढतंय?"

सुमन आत गेली आणि उंबऱ्यातच थांबली. म्हातारीची दहाच्या दहा नखं वाढलेली होती. जाड, पिवळी, कालवाच्या शिंपीसारखी खरबरीत.

"हात लावू देत नाय कोणाला," मावशी कुजबुजली. "एकदा माझ्याकडून कापताना रक्त आलं."

"एकदा?" म्हातारी म्हणाली. "तीनदा!"

सुमन तिच्याजवळ बसली. "आजी, माझ्याकडे कात्री नाही. नुसती घासेन. दुखलं तर थोबाडीत मारा."

म्हातारीने बराच वेळ विचार करून करंगळी तेवढी पुढे केली. मग एकेक बोट. कोमट पाणी, तेल, कानस. मी बाहेर पुस्तक उघडून बसलो होतो. एक ओळ वाचली नाही. दोन तासांनी म्हातारी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने एकेक नख चाचपत होती.

"उद्या कुठं जायचंय म्हणालीस?"

"अंधेरीला."

"आई, तू दोन वर्षं देवळापलीकडं गेली नायस!"

"म्हणून तर जाते. रंग तिथंच लाव गो. आज सगळा संपवू नको."

सोमवारी मी शिकवत होतो त्या शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि पार्लरच्या जिन्याखाली उभा राहिलो. तास झाला, दीड तास झाला. मॅडम अशी नखं बघून हाकलून देतील, असंच मनात येत होतं. मग जिन्यात आधी म्हातारी दिसली, दोन्ही हात अंगापासून लांब धरलेली. आधार द्यायला मी पुढे झालो.

"हात नको लावू रे! ओलं आहे अजून."

मागून सुमन येत होती. हातात कोर्सच्या प्रवेशाची पावती होती.

वर्सोव्याला संध्याकाळच्या होडीत दोनच जागा उरल्या होत्या. म्हातारी रंग खराब होईल म्हणून काठ धरेना, तेव्हा सुमनने तिच्या कमरेला विळखा घातला. "मी हिला घरी पोचवून येते, तुम्ही थांबा," तिने ओरडून सांगितलं. खाडीच्या मध्यापर्यंत दोघी दिसत होत्या, मग नुसती होडी दिसायला लागली. मी धक्क्यावर बसून राहिलो.

त्या दिवशी ती पुढच्या होडीने परत आली.