दोनचा तास

सासूबाईंनी शेळी आणवली तेव्हा माझी लेक सव्वा महिन्याची होती. काळी शेळी, एका कानावर पांढरा ठिपका. मागच्या दारी लिंबाच्या बुंध्याला ती बांधली गेली. शेळी कशासाठी आली ते गल्लीतल्या प्रत्येक बाईला कळलं होतं. नव्या सुनेला दूध नाही.

सासूबाई टाकून बोलल्या नव्हत्या. मला आई नव्हती म्हणून बाळंतपण धाराशिवला सासरीच झालं, आणि त्यांनी काही कमी पडू दिलं नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, जेवणानंतर बाळंतशेपा, सगळं वेळच्या वेळी. पण बारशाला घातलेले चांदीचे वाळे लेकीच्या पायांतून आपोआप गळून पडायला लागले. तिसऱ्यांदा पडले तेव्हा सासूबाईंनी ते उचलले, पुसले आणि डब्यात ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शेळी आली. लढाईमुळे डब्याचं दूध कुठंच मिळत नव्हतं.

"शुक्रवार देवीचा वार आहे," त्या म्हणाल्या. "त्या दिवसापासून बोंडल्यानं वरचं दूध सुरू करू. तोवर बघ तू."

बोंडलं म्हणजे चोच असलेली लहानशी वाटी. ती फडताळातून निघाली आणि घासून ओट्यावर पालथी पडली. येता-जाता मला ती दिसायची.

मी नेहमीप्रमाणे मान हलवली. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण ते सांगायचं धाडस नव्हतं.

माझे वडील सिकंदराबादला रेल्वेत होते आणि मी तिथल्या मिशनच्या शाळेत शिकले. लग्न ठरलं तेव्हा आमच्या मिसनं मला मुलांच्या संगोपनावरचं एक इंग्रजी पुस्तक दिलं होतं. त्यात लिहिलं होतं की मुलाला दर चार तासांनीच पाजावं: सहा, दहा, दोन, सहा, दहा. मधे कितीही रडलं तरी घेऊ नये, त्यानं पोट बिघडतं आणि सवयही. छापलेलं खोटं असेल असं माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. आणि ते चार तास मला हवेही होते. पहिल्याच आठवड्यात मला चिरा पडल्या होत्या. लेक तोंड लावायची तेव्हा मी पदर दातांत धरायची.

घरात घड्याळ नव्हतं. यांचं खिशातलं घड्याळ यांच्याबरोबर कचेरीत जाई. पण आमचं घर कचेरीच्या मागेच होतं. तिथल्या व्हरांड्यात काशाची एक जाड थाळी टांगलेली होती, तिलाच सगळे तास म्हणत. चपराशी लाकडी हातोड्यानं तिच्यावर टोल द्यायचा. त्या टोलांवर मी लेकीला पाजत होते. मधे ती रडली आणि सासूबाई म्हणाल्या, "घे गं तिला," की मी सांगायची, "आत्ताच घेतलं होतं." आत्ताच पिऊनही पोर रडते, म्हणजे आईला दूधच नाही, असं त्यांना वाटलं. त्यात त्यांची काही चूक नव्हती. खोटं मी बोलत होते.

मंगळवारी दुपारी सासूबाई शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या. लेक बराच वेळ रडत होती. मी तिला खांद्यावर घेऊन मागच्या दारी फेऱ्या मारत होते. परसातली भिंत कमरेएवढीच. पलीकडे त्याच चपराशाचं घर. त्याची बायको, जिला मी भाबी म्हणायची, भिंतीला टेकून उभी होती. कडेवर तिचं पाचवं मूल, आणि ते उभ्या-उभ्याच पीत होतं.

"का रडवताय वैनी तिला?"

"दोन वाजायचेत अजून," मी म्हणाले. हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते.

"दोन वाजल्यावर काय हाय?"

"दूध."

तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग लिंबाच्या सावलीकडं. "दोन तर कवाच होऊन गेले."

"तास पडला नाही."

भाबीनं पदर तोंडाला लावला. "कसा पडंल? पोरांचे अब्बा भाकर खाऊन आडवे झालेत. ते उठतील तवा दोन वाजतील."

मग तिनं सगळंच सांगितलं. कचेरीतलं घड्याळ बंद पडून वर्ष झालं होतं. सकाळचे सहा नमाज झाल्यावर वाजत, दहा साहेबांचा टांगा दिसला की. रात्रीचे दहा झोप आली की वाजत आणि हिवाळ्यात ती लवकर येई. साहेबाला ठाऊक नव्हतं आणि बाकी सगळ्यांना होतं.

मी त्या टोलांवर पाच आठवडे माझ्या लेकीला उपाशी ठेवलं होतं. मला हसू आलं. बाळंत झाल्यापासून पहिल्यांदा मी हसले, आणि हसता हसता रडायलाही लागले.

"अन् तास बराबर असता तरी काय?" भाबी म्हणाली. "पोरगी काय कचेरीत नोकरीला हाय, टोल पडल्यावर जेवायला?"

मुलासकट ती भिंतीवरून सरळ अलीकडं आली, त्याला खाली सोडलं आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली. लेकीचं पोट माझ्या पोटाला लावलं, मान सरळ केली. नुसतं टोक तोंडात देऊ नका, म्हणाली, त्यानंच चिरा पडतात. लेकीनं मोठा आ करेपर्यंत तिनं मला थांबायला लावलं आणि मग तिला एकदम जवळ दाबलं. मी पदर दातांत धरायला उचलला होता, तो हातातच राहिला. दुखलं, पण पूर्वीसारखं नाही.

"पण दूधच कमी आहे," मी म्हणाले.

"उपसल्या विहिरीलाच पाझर फुटतो, वैनी. झाकून ठेवली तर आटंल नाय तर काय?"

आमचं हे चाललेलं असतानाच कचेरीत दोन टोल पडले. भाबी म्हणाली, "उठले."

त्या दिवसापासून मी लेक मागेल तेव्हा घेऊ लागले. तिनं दिवसातून बारा-तेरा वेळा तरी मागितलं असेल. पुस्तक ट्रंकेत तळाशी गेलं. चिरांना मी माझंच दूध लावून वाऱ्यावर सुकू द्यायची, हेही भाबीनंच सांगितलेलं. बुधवारी दोरीवर लेकीनं ओली केलेली दुपटी वाढली. गुरुवारी आणखी वाढली. सासूबाईंनी दोरीकडं पाहिलं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी देवीपुढं दिवा लावला, शेळीचं दूध कोमट केलं, बोंडलं भरलं आणि लेकीला पायांवर घेतलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. लेक जागी झाली आणि रडली. त्या आवाजासरशी माझ्या छातीत कळ आली आणि चोळी दोन्ही बाजूंनी भिजली. मी पदर ओढला नाही.

"बोंडलं नको," मी म्हणाले. "मला दूध आहे."

सासूबाईंनी मान वर केली. त्यांच्यासमोर एवढं बोलायची मला सवय नव्हती, पण आता थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. मी त्यांना खोटं सांगत होते, पुस्तकात लिहिलंय म्हणून तिला वाट पाहायला लावत होते, हे मी सांगून टाकलं. भाबीनं काय शिकवलं तेही सांगितलं. ती भिंत ओलांडून आली होती, बाळंतिणीला आणि बाळाला शिवली होती, हे त्यांना आवडणार नाही असं वाटत होतं, पण तेही लपवलं नाही.

त्यांनी माझ्या चोळीकडं पाहिलं.

"लिहिणाऱ्याला मुलं किती होती?" त्यांनी विचारलं.

"ते दिलेलं नाही त्यात."

"हं," त्या म्हणाल्या, आणि लेकीला माझ्या हातात दिलं. बोंडल्यातलं दूध त्यांनी चुलीवरच्या चहात ओतलं. मग डिंकाचे चार लाडू वाटीत घेऊन स्वतः मागच्या भिंतीशी गेल्या. तिथं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. पण नंतर दुपारी भाबी यायची तेव्हा तिच्यासाठी मागच्या दारच्या ओट्यावर चटई टाकलेली असे, आणि ती सासूबाईच टाकत.

लेक तीन महिन्यांची झाली तेव्हा वाळे डब्यातून निघाले. घोट्याशी अडकले, इतके पाय भरले होते. सासूबाई तेल लावून ते चढवत होत्या आणि लेक पाय झाडत होती. तेवढ्यात गल्लीतल्या दोघी-तिघी आल्या. एकीनं लिंबाकडं पाहून विचारलं, शेळी अजून आहे का.

"ती?" सासूबाई म्हणाल्या, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "ती चहासाठी आणलीय."