कोडोलीचे तिघे

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिले पत्र, पोच नाही, जबाबदार, तालमीचे कार्यवाह. दिवाळीनंतरच्या सोमवारी दुसरे. उत्तर, ‘समितीपुढे ठेवले आहे’. जबाबदार, निवड समितीचे अध्यक्ष. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिसरे, आणि त्यावर मात्र थेट निकाल: तालमीच्या नव्या मानफलकावर माझ्या मित्राचे नाव येणार नाही, कारण त्याने पाडलेले मल्ल ‘दर्जाचे नव्हते’. निकालाखाली सही कोणाचीच नाही.

मी दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. सहीशिवायचा निकाल आयुष्यात पाहिला नव्हता. संताप आता पूर्वीसारखा डोक्यात चढत नाही, गुडघ्यांत उतरतो. तरीही तालमीत गेलो.

कार्यवाहांनी मोबाइलवरची नजर न काढता तत्त्व सांगितले. “काका, हेवीवेट बॉक्सिंगमधी बी ह्येच बघत्यात. चॅम्पियन किती लढती जिंकला ह्याला किंमत न्हाय, हाणला कुणाला ते सांगा. तुमच्या पैलवानानं काय केलं? कोडोलीच्या एकाच गड्याला तीनदा पाडलं!”

तत्त्व मला मान्य आहे. पण ते एकालाच लावून चालत नाही. फलकावर ज्यांचे नाव सर्वांत वर आहे, त्यांच्या तीन गाजलेल्या कुस्त्या मी आखाड्याच्या कडेला बसून पाहिल्या आहेत. पहिल्या प्रतिस्पर्ध्याचा गुडघा पट्टीत होता. दुसरा आदल्याच दिवशी दुसऱ्या मैदानात अर्धा तास झुंजून आला होता. तिसऱ्याची चाळिशी उलटलेली. नावाखातर त्याला हलगी लावून आणले होते. पण या तिघांची नावे जाहिरातीवर ठळक छापली होती, म्हणून ते दर्जाचे ठरले.

आणि कोडोलीचा गडी एक नव्हता. ते तिघे होते. दोन सख्खे भाऊ आणि त्यांचा चुलतभाऊ. थोरल्याची पाठ त्या भागात दोन हंगाम कोणी मातीला लावली नव्हती. परंतु जत्रांच्या मैदानात समोरच्या मल्लाला आम्ही गावानेच ओळखत असू: मलकापूरचा, शिरोळचा. तालमीच्या वहीतही तसेच लिहिले गेले: ‘कोडोलीचा, चितपट’. तीनदा तेच शब्द.

त्या वहीतले अक्षर माझे आहे. नाव विचारायला आखाडा ओलांडून पलीकडे जावे लागे. मी गेलो नाही. पुढे नोकरीत अपुऱ्या नावाचे कागद मी किती लोकांना परत केले, ते आठवत बसवत नाही.

मित्राला हे सांगितले तेव्हा तो दारात शेंगा फोडत होता. “सोड की मर्दा आता,” तो म्हणाला. “मी पाडलं, त्यो पडला. मला ठावं हाय, त्येला ठावं हाय.” चार शेंगा फोडून झाल्यावर त्याने हळूच विचारले, “फलक आतल्या भिंतीला हाय का रस्त्याकडच्या?”

“रस्त्याकडच्या.”

“मग समद्यास्नी दिसंल की,” म्हणाला, आणि माझ्याकडे पाहायचे त्याने टाळले.

मी कोडोलीला जाऊन आलो. धाकटा भाऊ हयात आहे. “व्हय, तिघांस्नी बी त्येनंच पाडलं,” असे म्हणून त्याने माझ्या कागदावर सही केली. तो कागद आणि माझ्या चुकीची लेखी कबुली या चौथ्या पत्रासोबत जोडली आहे.

आता अध्यक्षांनी खासगीत चहाला बोलावू नये. फलकाच्या अनावरणादिवशी, आखाड्यात उभे राहून, सर्वांसमक्ष त्यांनी एवढेच सांगावे: सर्वांत वरच्या नावाने ज्यांना पाडले, त्यांतले किती जण त्या दिवशी धडधाकट होते?