नाजीचं स्टूल

नाजी सत्तावन्न वर्षांचा होता आणि आमच्यातला सगळ्यात लहान होता. यावर कुणी हसलं की त्याला राग यायचा, पण खोटं काय त्यात? जपानातल्या कोबेच्या आमच्या ज्यू सिनेगॉगमध्ये पेसाहच्या, म्हणजे गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या, पहिल्या दोन रात्री जेवणाला जेमतेम चौदा माणसं जमायची आणि बाकीची तेरा त्याच्याहून म्हातारी. मी चार वर्षांनी मोठी, त्यामुळे त्याचे कान पिळायचा हक्क माझा.

त्या जेवणात सगळ्यात लहानाने उभं राहून चार प्रश्न विचारायचे, सगळ्यांचा अर्थ एकच, की इतर रात्रींहून आजची रात्र वेगळी का? आणि सगळ्यात थोराने सांगायचं, आपण मिस्रात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होतो. पाचव्या वर्षी तुफाहा खालाने, म्हणजे मावशीने, नाजीला स्टुलावर उभं केलं, ते कायमचंच. मधे थोडी पोरं झाली, पण ती लंडन-न्यूयॉर्कला उडाली आणि प्रश्न पुन्हा नाजीकडे आले. दिवसभर खिडकीपाशी मोती निवडणारा, लग्नाच्या भानगडीत न पडलेला हा बाबा गुडघे धरून स्टुलावर चढायचा आणि वर आम्हालाच ऐकवायचा, अजून किती वर्षं मला पोर ठेवणार? आम्हाला ते खरं वाटायचं.

त्या वर्षी इस्रायलच्या हैफाहून एक इंजिनियर बायको आणि मुलीसह राहायला आला. मुलगी दाफ्ना, सहा वर्षांची. एक्क्याण्णव वर्षांची, आता आमच्यात सगळ्यात थोर असलेली खाला इतकी खूश झाली की तिने सिनेगॉगच्या दारातच नाजीला सांगितलं, सुटलास बाबा एकदाचा. नाजी म्हणाला, देव पावला. आणि तोंड असं केलं की जणू दाढ काढून आलाय.

तीन आठवडे दाफ्ना माझ्या स्वयंपाकघरात प्रश्न पाठ करत होती. नाजी दारातून डोकावायचा, सूर चुकतोय म्हणायचा आणि निघून जायचा. सणाच्या आदल्या संध्याकाळी मात्र तो नेहमीप्रमाणे मेणबत्ती आणि पीस घेऊन आला. पेसाहचे आठ दिवस आंबवलेलं, फुगलेलं काही आत राहता कामा नये, म्हणून कोपरान् कोपरा शोधणं हे काम त्याचंच. माझ्या खणात टोस्टाचा एक कण सापडला, तर त्यावरून त्याने मला अर्धा तास झाडलं.

दुसऱ्या दिवशी सगळे टेबलाशी बसले. खालाने खूण केली, तशी दाफ्नाने गळ्याला हात लावला आणि सांगितलं, घसा दुखतोय. तिची आई चकित झाली, कारण पाच मिनिटांपूर्वी हीच पोरगी जिन्यात किंचाळत होती. नाजीने मोठा उसासा सोडला. काय करणार, कुणीतरी करायलाच हवं, म्हणत तो कुणी काही बोलायच्या आत स्टुलावर चढलासुद्धा. गुडघे त्या दिवशी दुखले नाहीत.

त्याने तोंड उघडलं, आणि दाफ्नाने खिशातून अर्धा पाव काढून एक घास घेतला. गोड पुरणाचा, टम्म फुगलेला, कोपऱ्यावरच्या बेकरीतला. आठवडाभर उकळतं पाणी ओतून मी जी फरशी घासली होती, तिच्यावर त्याचे कण पडले.

"कुणी दिला हा?" खालाने विचारलं.

दाफ्नाने स्टुलाकडे बोट केलं. "नाजीकाकांनी. घसा दुखायचा म्हणून."

"मग अर्धाच का खाल्लास?"

"उद्या पण जेवण आहे ना. उद्या पण दुखायचाय."

वर उभा असलेला नाजी पुटपुटला, की मी फाटकाबाहेर दिला होता, आत आणला नव्हता. मला संताप आला होता आणि हसूही आवरत नव्हतं. मी तो पाव मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरून बाहेर न्यायला निघाले, तशी दाफ्नाने भोकाड पसरलं. "रोज खाते ना मी पाव! मग आजच का नाही?"

पाठ केलेल्या चार प्रश्नांतला एक तोच होता, की रोज फुगलेला पाव चालतो, मग आज फक्त न फुगलेली भाकरीच का? इतकी वर्षं आम्ही तो म्हणत आलो, पण उत्तर हवं म्हणून कुणी कधी विचारला नव्हता.

खालाने पुस्तक मिटलं. "झाला प्रश्न. उतर खाली नाजी, आणि उत्तर दे."

"मी? थोर तू आहेस, खाला."

"पाव तू चारलास. आता का नाही, तेही तूच सांग."

नाजी उतरला. गुडघे पुन्हा दुखायला लागले होते. त्याच स्टुलावर तो दाफ्नासमोर बसला. बावन्न वर्षं ऐकलेलं उत्तर पहिल्यांदाच त्याच्या तोंडून निघालं. तो म्हणाला, "आपण गुलाम होतो, दाफ्ना. निघायची वेळ आली तेव्हा इतकी घाई, की कणीक फुगेपर्यंत थांबता आलं नाही. तशीच भाजली आणि निघालो."

"तुम्ही पण होतात?"

"मी पण. काहींना तर निघायचंच नव्हतं."

"मग?"

नाजीने खालाकडे पाहिलं. "मग ओढून काढावं लागलं."

त्या रात्री उशीला रेलून जेवायचा मान थोरांचा. खालाने आपल्या पाठीमागची उशी काढली आणि त्याच्या अंगावर फेकली. माझे डोळे भरून आले, ते मी सुपाच्या वाफेवर ढकललं.

दुसऱ्या संध्याकाळी दाफ्ना स्टुलावर चढली. त्याआधी नाजीने तिचे दोन्ही खिसे तपासले, आणि त्याआधी मी नाजीचे.