तुर्दाकुन तायाकेंचे लांब झालेले दात

काराकोल शहरातल्या जनावरांच्या बाजारात माझ्या तायाकेंना, म्हणजे आईच्या धाकट्या भावाला, कोणी नावाने शोधत नाही. "दात बघणारे कुठे आहेत?" एवढं विचारलं की लोक घोड्यांच्या रांगेकडे बोट करतात. तिथे डोक्यावर उंच पांढरी टोपी आणि कोपरापर्यंत बाह्या सारलेले तुर्दाकुन तायाके उभे असतात. सौदा अडला की विकणारा आणि घेणारा दोघे त्यांच्याकडे येतात. तायाके घोड्याची जीभ एका बाजूला धरतात, अंगठ्याने ओठ वर करतात, एकदाच बघतात आणि वय सांगून टाकतात. घोडा म्हातारा होतो तसे त्याचे दात लांब दिसतात, हे मुख्य गणित. त्यावर कोणी वाद घालत नाही, घोडा तर नाहीच नाही.

सवय बाजारापुरती राहिली असती तर बरं झालं असतं. पण तायाके माणसांचेही दात बघतात. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात मुलाचे वडील जरा मोकळेपणाने हसले, तर तायाके माझ्या कानात म्हणाले, "एकोणसाठ. आणि सांगतायत त्रेपन्न." त्यांचं कानात बोलणं तीन टेबलांना ऐकू जातं. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईवर त्यांचा अजिबात विश्वास नाही. "सगळे दात नवे बसवलेत," ते म्हणतात. "जिचं वयच कळत नाही, तिने पाऊस सांगितला तर मी का मानू?"

एका तोंडात मात्र त्यांनी कधी डोकावलं नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं. ओठाखाली चिमूटभर नसवाय, म्हणजे हिरवी तंबाखू, दाबून ठेवायची त्यांची सवय माझ्या जन्माआधीची. एकदा आमच्या घरी त्यांनी सफरचंदाचा चावा घेतला आणि उरलेलं सफरचंद बशीत ठेवलं. पांढऱ्या भागावर लाल रेघ उमटली होती.

आई म्हणाली, "तुर्दाकुन, हे सफरचंद तू खाल्लंस की मारलंस?"

मी दातांच्या दवाखान्यात काम करते. दात साफ करणं आणि हिरड्या तपासणं एवढंच शिकून आलेय, पण ते नीट शिकून आलेय. दुसऱ्याच आठवड्यात मी तायाकेंना आमच्या डॉक्टर चिनारांच्या खुर्चीत नेऊन बसवलं. त्यांनी तपासलं. हिरड्या दातांपासून सुटून आत खिसे झाले होते, खिशांत किटण भरलं होतं, खालचं हाड झिजलं होतं आणि खालचे पुढचे दोन दात हलत होते. डॉक्टर हे सगळं समजावत असताना तायाके त्यांच्याच दातांकडे बघत होते.

"डॉक्टर, तुम्ही चाळीस?"

"चौतीस," डॉक्टर म्हणाल्या. त्या दिवशीची भुलीची सुई जरा जोरात टोचली, असं तायाके अजून सांगतात.

तीन-चार बैठकांत सगळं किटण हिरडीच्या आतपर्यंत खरवडून काढलं. रक्त थांबलं. शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "आजार थांबलाय, पण तो परत येतो. आता दर तीन महिन्यांनी यायचं. तुमची ही भाची, बेगिमाय, खिशांची खोली मोजेल, साचलेलं काढेल."

"किती वेळा?" तायाकेंनी विचारलं.

"दात आहेत तोवर."

"म्हणजे बऱ्या झालेल्या माणसाने तुमच्याकडे यायचं?"

"बरं राहायला यायचं."

"पोटदुखी बरी झालेला घोडा कोणी दर तीन महिन्यांनी डॉक्टरकडे नेत नाही."

"घोडा नसवाय खात नाही, तायाके," मी म्हटलं.

"आणि घोडा लग्नही करत नाही," आत येत आई म्हणाली. ती त्यांना घ्यायला आली होती. हे ऐकून तायाके कानापर्यंत लाल झाले.

प्रकरण असं होतं. बाजाराच्या फाटकाशी बुरुलकान एजे, म्हणजे बुरुलकानताई, लगाम, दावी आणि खोगिराचे पट्टे विकतात. त्यांचे वडील डोंगरावर घोड्यांचे कळप राखायचे, त्यामुळे त्यांना घोड्यांतलं सगळं कळतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालीत. तायाकेंची बायकोही गेली, तेव्हापासून ते रोज रात्री जेवायला आमच्याकडे येतात. गेल्या वर्षभरात त्यांनी बुरुलकान एजेंकडून इतके लगाम घेतले, की घरी घोडा एक आणि खुंटीवर लगामांचा गठ्ठा. एजेंना हे कळत नव्हतं असं नाही, त्या दर वेळी जरा महागातला दाखवायच्या. अशाच एका खरेदीत एजेंनी वय विचारलं आणि वय ओळखण्यावर पोट भरणाऱ्या माझ्या तायाकेंनी छातीठोकपणे सांगितलं, "पंचावन्न." होते एकसष्ट.

पहिल्या तपासणीला ते वेळेवर आले. मी मापाची काडी घेऊन एकेक दात मोजला. हिरड्या गुलाबी आणि घट्ट होत्या, रक्ताचा टिपूस नव्हता. मी खूश होऊन त्यांच्या हातात आरसा दिला. त्यांनी अंगठ्याने आपला ओठ वर केला आणि आरसा नाकाजवळ ओढला.

"बेगिमाय, हे कोणाचे दात?"

"तुमचेच की."

"माझे आखूड होते."

मी समजावलं. आधी हिरड्या सुजल्या होत्या, म्हणून दातांचा बराच भाग झाकला जायचा. आता सूज उतरली, हिरडी खाली बसली, म्हणून दात लांब दिसतात आणि मध्ये फटी दिसतात. दात तेवढेच आहेत, उलट ही चांगली खूण आहे.

"सदुसष्ट," तायाके म्हणाले.

"काय सदुसष्ट?"

"हे तोंड कोणी बाजारात आणलं असतं तर मी सदुसष्ट सांगितलं असतं." त्यांनी आरसा मांडीवर पालथा घातला. "बुरुलकानचा भाऊ कादिर घोड्यांचा दलाल आहे. तो बघायला येणार आहे. तो माझ्या तोंडाकडे बघणार नाही तर काय टोपीकडे बघणार? मला परत होतं तसं कर."

"असा उपचार नसतो. आणि ऐका, ब्रश सोडलात, फटींत बारीक ब्रश घालायचा कंटाळा केलात, इथे येणं टाळलंत, तर सूज आपोआप परत येईल."

तायाकेंनी मान हलवली. इतकं लक्ष देऊन त्यांनी माझं कधीच ऐकलं नव्हतं. "आपोआप?" त्यांनी खात्री करून घेतली. मला वाटलं, चला, एकदाचं पटलं.

पुढच्या तपासणीला ते आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, घोडी व्यायली. पुढच्या आठवड्यात परत केला तर परत घोडी व्यायली. त्यांच्याकडे आहे तो एकच घोडा, घोडी नाही. शेवटी मी बाजारात गेले. तोंडाचा वास कोणाला येऊ नये म्हणून ते वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभे राहून तोंड मिटून बोलत होते. मला बघून त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि ओठ उचलला. हिरड्या लालभडक, फुगलेल्या, दातांवर चढून बसल्या होत्या.

"बघ," ते अभिमानाने म्हणाले, "पंचावन्न."

"तायाके, आत हाड विरघळतंय तुमचं."

"या रविवारपर्यंत विरघळू दे. बाजार उठला की ते लोक तुमच्याकडे चहाला येतायत. सोमवारपासून तू म्हणशील तसं."

मी हे आईला सांगितलं. आई पीठ मळत होती. म्हणाली, "त्याचं लग्न होऊ दे आधी. हिरड्यांचं नंतर बघू. इतकी वर्षं मी रात्री दोन माणसांचा जास्त स्वयंपाक करतेय."

"तायाके एकटेच तर येतात."

"खातो दोघांचं."

रविवारी बुरुलकान एजे निळा रुमाल बांधून आल्या. मागे पोट सावरत कादिर. आईने बोरसोकांचा, म्हणजे पिठाच्या तळलेल्या गोळ्यांचा, ढीग मांडला होता, लोणी, मुरंबा, उकडलेलं मटण. तायाके मुद्दाम खिडकीसमोर बसले, उजेड तोंडावर येईल असे. विकायचा घोडा उभा करतात तसेच. आणि ते हसत होते. कादिरने चहा घेतला, हसले. कादिर शिंकला, तरी हसले.

"पहिल्या लग्नात हा एवढा हसला नव्हता," आई मला हळूच म्हणाली.

कादिर घोटभर चहा घ्यायचा आणि तायाकेंच्या तोंडाकडे बघायचा. मटण वाढताना आईने रीतीप्रमाणे मांडीचं मोठं हाड पाहुण्यासमोर ठेवलं. कादिरने ते उचललं आणि मोठ्या भावाला म्हणतात तसं बाइके म्हणत तायाकेंपुढे केलं. "तुम्हीच घ्या, बाइके. माझे दात पडायला आले. पंचावन्नच्या माणसाला हाड म्हणजे काय."

आता नाही म्हणणार कसं? तायाकेंनी दात रोवले आणि ओढलं. मांस निघालं नाही, तायाके मात्र थांबले. हाड तसंच तोंडात धरून ते कुठेतरी दूर बघायला लागले. मग त्यांनी ते सावकाश ताटात ठेवलं. मांसावर रक्त होतं. त्यांनी त्यावर भाकरीचा तुकडा झाकला. भाकरीलाही लागलं. त्यांनी भाकरी उलटली.

"तुर्दाकुन-बाइके, इकडे बघा," बुरुलकान एजे म्हणाल्या.

"बघतोय की."

"तोंड उघडून बघा."

आईच्या हातातली चहाची किटली तशीच राहिली. जन्मभर दुसऱ्यांची तोंडं उघडलेल्या माणसाला या आवाजाला नाही म्हणता आलं नाही. एजेंनी अंगठ्याने त्यांचा ओठ वर केला, क्षणभर मान फिरवून श्वास घेतला आणि परत वाकल्या.

"दात पंचावन्नचे दिसतात," कादिर म्हणाला.

"दिसतात. पण हिरडी बघ, उकडलेल्या बिटासारखी आहे. वडलांकडे एकाने असाच घोडा आणला होता, दात कानशीने घासून आखूड केलेले. तुम्ही काय केलंत, बाइके?"

तायाके ओठ धरलेलाच असताना काहीतरी बोलले. एजेंनी ओठ सोडला.

"काही केलं नाही," तायाके म्हणाले. "तेच तर केलं. कित्येक महिने काहीच केलं नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आखूड दात, लांब दात, माझी ताकीद आणि ती त्यांनी कशी पाळली. कादिर एवढा हसला की मुरंब्याची वाटी हलली. मग डोळे पुसत तो उठला. "चल, बुरुलकान. असला घोडा आणणाऱ्याला आपण फाटकाच्या आत घेत नाही. आणि हे आपले दात बघणारे."

तायाके ताटाकडे बघत होते. लग्न तर गेलंच, पण उद्या अख्ख्या बाजाराला कळलं की त्यांना कोण विचारणार, हेही त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आईने किटली खाली ठेवली.

बुरुलकान एजे उठल्या नाहीत. "खरं वय?"

"एकसष्ट."

"सहा वर्षांसाठी एवढी घाण तोंडात घेऊन फिरलात?" मग माझ्याकडे वळून, "यांचे दात राहतील का गं?"

"हलणारे दोन आहेत. तायाके वेळेवर आले असते तर दात नक्की राहिले असते. आता बघावं लागेल."

"तुमचं उद्या कधी उघडतं?"

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच दोघे पायरीवर उभे होते. तायाके खुर्चीत, एजे शेजारी स्टुलावर. मी खिशांची खोली मिलिमीटरमध्ये मोजत गेले आणि डॉक्टर लिहीत गेल्या. "पाच. रक्त. सहा. रक्त. सात." प्रत्येक आकड्याला एजे तायाकेंकडे अशा बघायच्या, जणू किंमत उतरत चाललीय. तायाकेंना काहीतरी सांगायचं होतं, पण तोंडात माझी दोन बोटं, आरसा आणि पाण्याची नळी होती.

डॉक्टरांनी परत सगळं खोलवर साफ केलं. "या एका दाताचं मी आज सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांनी या, तेव्हा कळेल."

"मग मीही तेव्हाच सांगते," एजे म्हणाल्या.

"काय?" तायाकेंनी नळी बाजूला करून विचारलं.

"काल कादिरला सांगायचं राहिलं ते. लग्नाला हो की नाही."

त्या दिवसापासून तायाके वेगळेच झाले. नसवायची डबी त्यांनी आईकडे दिली आणि आईने ती ओढ्यात फेकली. त्यानंतर आठवडाभर ते सगळ्यांवर खेकसत होते, घोड्यावरही. फटींत घालायचे बारीक ब्रश ते टोपीच्या काठात खोचून ठेवायचे. सौदा मिटवताना मध्येच थांबून ते दात साफ करायचे आणि मग घोड्याचा ओठ उचलायचे. डोंगरावरून आलेल्या एका गिऱ्हाइकाला वाटलं, ही वय ओळखायची नवी पद्धत. त्यानेही एक ब्रश मागितला.

कादिरने बाजारभर सांगायचं ते सांगितलंच. लोक येऊन विचारायचे, "बाइके, तुमचं वय किती?"

"एकसष्ट. दिसतो सदुसष्ट. तुझ्या घोड्याचं विचारायचंय की माझंच?"

गिऱ्हाईक तुटलं नाही. दोन-तीन लोक आपापल्या घोड्यांच्या हिरड्या सुजल्यात का हेही विचारून गेले.

तपासणीच्या दिवशी तायाके एकटेच आले आणि मी हातमोजे घालायच्या आत तोंड उघडून बसले. मागून एजे आल्या. फटी आणखी मोकळ्या दिसत होत्या, दात आणखी लांब. मी मोजायला लागले. "तीन. तीन. दोन. तीन. चार, रक्त नाही." त्या दातापाशी आल्यावर मी काडी ठेवून आरशाच्या दांड्याने तो हलवून पाहिला. डॉक्टरांनीही पाहिला. तायाके छताकडे बघत खुर्चीचे हात आवळून बसले होते.

"राहील," डॉक्टर म्हणाल्या. "येत राहिलात तर."

बुरुलकान एजे उठल्या, त्यांनी अंगठा धुतला आणि तायाकेंचा ओठ उचलला. खूप वेळ पाहिलं.

"अडुसष्ट," त्या म्हणाल्या.

तायाकेंचे डोळे मोठे झाले.

"दिसायला. पण घट्ट आहेत." त्यांनी ओठ सोडला आणि मला विचारलं, "यांची पुढची तारीख कधी?"

मी वही बघून सांगितली. जनावरं डोंगरावरून उतरल्यानंतरचा एक शनिवार होता.

"मी तर त्या शनिवारी लग्न ठेवू म्हणत होते," एजे म्हणाल्या.

तायाके खुर्चीत उठून बसले. गळ्यातला कागदी रुमाल तसाच लोंबत होता. "मग काय अडलंय? सकाळी इथे येऊ, दुपारी मुल्लाकडे."

"दात साफ केल्यावर त्या दिवशी हाडं-बिडं चावायची नाहीत," डॉक्टर म्हणाल्या.

"हाडं कादिर चावेल," बुरुलकान एजे म्हणाल्या. "त्याला तिथे दुसरं काय काम आहे."