काकणांखालची थरथर

बायकोच्या डाव्या मनगटावर पहिल्यांदा बोटं टेकवली तेव्हा मी हात झटकन मागे घेतला. कातडीखाली काहीतरी घुमत होतं. बंद मुठीत भुंगा धरावा तसं.

डायलिसिससाठी डॉक्टरांनी तिथली धमनी शिरेला जोडली होती. डॉक्टर माझाच विद्यार्थी. साखळी गावच्या उच्च माध्यमिकात मी त्याला भौतिकशास्त्र शिकवलं होतं. तो म्हणाला, "रोज सकाळी ही थरथर लागली पाहिजे, सर. ज्या दिवशी लागणार नाही, त्या दिवशी चहासुद्धा न घेता यांना इकडे आणायचं."

"पण रक्त असं घुसळतं कसं?" मी विचारलं. वर्गात मी काचेच्या नळीतून पाणी सोडायचो, मधोमध शाईची धार. पाणी संथ असेतो धार दोरीसारखी सरळ. वेगानं मर्यादा ओलांडली की विस्कटायची. ती मर्यादा मुलांकडून घोकून घेतली होती.

"वेग वाढलाय हे खरं. पण तुमची नळी काचेची होती, सर. ही मऊ आहे. भिंतच हलते, आणि भिंत हलली की प्रवाह कमी वेगालाही बिथरतो."

"म्हणजे मी चुकीचं शिकवलं?"

"अर्धं शिकवलंत," तो हसला. मग बजावलं, त्या हाताला ओझं नको, त्या कुशीवर झोप नको, घट्ट काही नको. काकणं तर नकोच.

चवथीला, गणपतीच्या सणाला, मयेच्या आमच्या मूळ घरी सगळे जमलो. काकणकार सोप्यावर बसला होता. बायकोनं उजवा हात पुढे केला आणि डावा पदराखाली घेतला. माझी थोरली वहिनी म्हणाली, "एक हात भरलेलो, एक रितो? घोव जिवंत आसा न्हय गो?"

बायका खिदळल्या. मीही हसलो, पण जिवंत नवऱ्याला ते लागलं.

"डॉक्टर नको म्हणालेत," बायको म्हणाली. बोलली वहिनीशी, बघत होती माझ्याकडे.

"दीड दिवसाचा तर प्रश्न," मी म्हणालो. "मऊ नळी ती. दबली तर पुन्हा फुगेल. घाल."

काकणकारानं तिचा पंजा चेपून हिरवी काकणं चढवली. जाड झालेल्या मनगटावर ती रुतून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी बोटं टेकवली. काही लागलं नाही. जागा बदलली. कान लावला. उशीला कान लावल्यासारखं वाटलं. पानाच्या तबकातला अडकित्ता उचलला आणि तिच्या हातातली काकणं मीच फोडली. वहिनी दारातून ओरडली, "शिव शिव! सणाच्या दिवशी!" काचा जमिनीवर पडल्या. हात गप्पच राहिला.

इस्पितळात कळलं, रक्ताची गाठ झाली होती. ती निघाली नाही. डायलिसिससाठी मानेत नळी घालावी लागली. डॉक्टरनं विचारलं, "काकणं कुणी घालायला सांगितली?"

"बायकांची हौस," मी म्हणालो. "चवथ होती ना."

ती हातभर अंतरावर पडली होती. तिनं डोळे मिटून घेतले. खोटं किती सहज आलं, हे माझं मलाच कळलं. तरीही शब्द मागे घेतला नाही. पुढे मुलीनं फोनवर आईला किती वेळा ऐकवलं, "हौस महागात पडली ना?" ती "हो गो" म्हणायची.

यंदाची चवथ. तोच सोपा, तोच काकणकार. बायकोच्या उजव्या हातात आता धमनी-शिरेचा नवा जोड. मुलगी पुण्याहून आली होती. ती काकणकाराला म्हणाली, "काका, आईच्या जवळपास फिरकू नका. मागून घेईल ती!"

सगळे हसले. बायकोही हसली. तिचं ते हसणं मला बघवलं नाही.

"तिनं मागितली नव्हती," मी म्हणालो. "मी घालायला लावली. डॉक्टरला खोटं सांगितलं. तुलाही."

काकणकाराचे हात थांबले. वहिनी खाली बघू लागली. मुलगी माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू दुसराच कुणी बोलला.

"वर्षभर हौशी बाई झाले मी," बायको म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिनं उजवा हात पुढे केला, मुलीकडे. "बघ गो, लागतं का. इथे आहेस तोवर तूच बघत जा. नंतर मी बघीन."

मुलीनं बोटं टेकवली. सवयीनं माझाही हात पुढे गेला होता. तो मी मागे घेतला.