हनुवटीखालची दोन बोटं

बाई दोन बोटं हनुवटीखाली घालायच्या. माझ्या नाही, माझ्या मुलीच्या. पाहुणे आले की आत हाक यायची, "अगं, तिला पाठव बाहेर." मग बाजारात लौकी, दुधी हो, बघतात तसं पोरीचं तोंड वर उचलायचं अन् म्हणायचं, "हिला मी शिकवते. आमच्या स्वयंपाकीणबाईंची आहे, पण समजा माझीच."

आमचं गाव हिंदी मुलखातलं, तिथे लक्ष्मी गेटजवळ त्यांचं घर. मी तिथे पोळ्या लाटायची. आमचे हे रेल्वेत होते. ते गेले, अन् घरात होतं नव्हतं ते त्यांच्या दुखण्यानं आधीच खाल्लं होतं. पोरगी हुशार निघाली, कॉलेजात जाते म्हणाली. फी बाईंनी कबूल केली.

पण देणं त्यांच्या तऱ्हेचं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला, सगळ्या बायकांसमोर, पोरीनं ओढणी पसरायची. बाई ओंजळभर भिजवलेले हरभरे घालायच्या अन् वर नोटा. "नीट पसर गं, सगळ्यांना दिसू दे." नोटा ओल्या होऊन जायच्या. पहिल्या वर्षी कॉलेजातल्या बाबूनं चिमटीत धरून परत दिल्या. "अम्मा, पहले सुखा के लाओ." मी तव्याच्या कडेला वाळवल्या. हसू आलं तेव्हा. पोरगी हसली नाही.

तिसऱ्या वर्षाची फी राहिली होती अन् हळदीकुंकू नेमकं तिच्या परीक्षेच्या दिवशी आलं. मी म्हटलं, "बाई, गौर महिनाभर बसते. दोन दिवस पुढे घ्या."

"कसं घेऊ? सदर बाजारच्या साहेबांच्या बायकांना सांगून झालंय. अन् पेपरच आहे ना? जाईल थोडी उशिरा."

तुम्ही पाहिली असतील अशी माणसं. आपण शिकवतो ते सांगायला हवं, म्हणून शिकणारीनं परीक्षा बुडवायची.

घरी पोरगी म्हणाली, "आई, मैं नहीं जाऊँगी वहाँ." मराठी तिला कळायची सगळी, राग आला की हिंदीच निघायची. मी म्हटलं, "जा पेपरला."

त्या दिवशी डाळ वाटली, पन्हं केलं. बायका जमल्या. बाईंनी तबकात नोटा ठेवल्याच होत्या. "कुठाय आपली कॉलेजवाली?"

"परीक्षेला गेलीय," मी म्हटलं. अन् पदर पुढे केला. "माझ्या पदरात टाका, बाई. फी तिचीच आहे."

बाईंनी हात मागे घेतला. "विधवेची ओटी? गौरीसमोर? काही कळतं का तुला?" नोटा कमरेला खोचल्या. मी पदर खोचला अन् पन्ह्याचे पेले फिरवायला लागले. एकीनं पेला घेताना माझं बोट लागू नये म्हणून हात चोरला. ते मला अजून दिसतं.

फी बाईंनी पुन्हा दिली नाही. पोरीनं नगरा वस्तीत रेल्वेच्या क्वार्टरांत शिकवण्या धरल्या, मी तिकडच्या गार्डांचे डबे धरले. दिवसभर शेगडीपाशीच. झालं वर्ष. पास झाली, मास्तरीण झाली, ग्वाल्हेरला गेली.

बाईंचं काम सोडलं नाही. सोडून खाणार काय होते? पाहुण्यांना त्या सांगतच राहिल्या, "शिकली ती माझ्यामुळे." मी आत पोळी उलटायची. किळस यायची, पोळी जळू द्यायची नाही.

शेवटी बाईंना अर्धांगवायू झाला. मुलं पुण्याला. पाहुणे बंद झाले. मी पेज भरवायला जायची. बोलणं गेलं होतं. दारात कुणी आलं, दूधवाला भैया का असेना, की चांगला हात चादरीतून वर यायचा, दोन बोटं हवेत उभी राहायची अन् कुणाची तरी हनुवटी शोधत फिरायची.

मी वाटी लांब धरून बसायची. हात दमून खाली पडला की मग चमचा लावायची.